ल माँ १९५३: तीनशे चार फेऱ्या आणि न थकलेले ब्रेक

फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत १४ जून १९५३ च्या रविवारी दुपारी चार वाजता संपली, तेव्हा पहिल्या आलेल्या गाडीने ३०४ फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. गाडी जग्वार सी-टाइप, क्रमांक १८. चालवणारे दोघे, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन. चोवीस तासांत अंतर कापलं ४,०८८ किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी १७०. आदल्या वर्षी जिंकलेल्या मर्सिडीझची सरासरी १५५ होती. इंग्रजी मैलांत बोलायचं तर ताशी १०० मैलांची सरासरी या शर्यतीत पहिल्यांदाच ओलांडली गेली.

एका वर्षात ताशी पंधरा किलोमीटरची ही उडी इंजिनाच्या जोरावर मारली असेल असं कुणालाही वाटेल. पण त्या दिवशी मैदानात जग्वारपेक्षा मोठी इंजिनं होती. अमेरिकेच्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या गाडीत क्रायस्लरचं ५.४ लिटरचं व्ही-८ होतं. आल्बेर्तो आस्कारी आणि लुईजी विलोरेसी यांच्या फेरारीत ४.५ लिटरचं व्ही-१२ होतं. जग्वारचं सहा सिलिंडरचं इंजिन जेमतेम ३.४ लिटरचं. सरळ रस्त्यावर कनिंगहॅम जग्वारला मागे टाकत होती. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी आस्कारीच्या नावावर आहे, ४ मिनिटं २७.४ सेकंदांची. तरीही तिसरी आलेली कनिंगहॅम पाच फेऱ्या मागे राहिली, आणि फेरारी क्लच गेल्यामुळे रविवारी सकाळीच बाद झाली.

या प्रकरणात मला रस आहे तो जग्वारच्या चाकांच्या आत काय होतं यात. चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. आज शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीलाही पुढे डिस्क असते, त्यामुळे त्यात नवल वाटत नाही. पण डिस्क जास्त जोरात थांबवते म्हणून जग्वार जिंकली, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. थंड असताना चांगला जुळवलेला ड्रमही चाक जाम करण्याइतका जोर लावतो, आणि टायरची पकड सुटली की दोन्ही सारखेच. डिस्कचं मोठेपण वेगळं होतं. पहिल्या फेरीला पेडल जिथे लागत होतं, तिथेच ते तीनशेव्या फेरीलाही लागत होतं.

वळणाच्या तोंडाशी काय घडतं

ल माँचा रस्ता तेव्हा सुमारे साडेतेरा किलोमीटरचा होता. त्यातला बराचसा भाग एरवी गावकऱ्यांच्या वापरातला साधा सार्वजनिक रस्ता. तेर्त्र रूज हे वळण सुटलं की जवळजवळ सहा किलोमीटरचा म्युलसानचा सरळ पट्टा सुरू होतो. आज त्यात वेग मोडायला घातलेली दोन वळणं आहेत, ती १९९० मध्ये आली. १९५३ साली तिथे ड्रायव्हर पाय दाबून धरायचा तो थेट शेवटापर्यंत. आणि शेवटी जवळपास काटकोनातलं उजवं वळण. ताशी २४० किलोमीटरवरून ५० वर यायचं, तेही काही सेकंदांत.

कागद घेऊन मी हा हिशोब मांडला. पेट्रोल आणि ड्रायव्हर धरून गाडी ११५० किलोची समजू. २४० वरून ५० वर येताना तिच्यातली सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. त्यातला थोडा वाटा वारा आणि इंजिन घेतात, उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत आपल्या घरातलं सात-साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. गॅसवर तेवढं पाणी तापायला किती वेळ लागतो ते आठवून पाहा. इथे ते काम सहा-सात सेकंदांत होतं. त्या सहा-सात सेकंदांत ब्रेक सरासरी पावणेपाचशे-पाचशे अश्वशक्तीच्या दराने काम करत असतात, आणि गाडीचं इंजिन आहे सुमारे २२० अश्वशक्तीचं.

हे एकदा झालं. पुढे लगेच इंडियानापोलिस आणि आर्नाज ही वळणं, मग स्टँडसमोरून पुन्हा वर, डनलॉपचा पूल, तिथले नागमोडी इसेस, तेर्त्र रूज, आणि पावणेपाच मिनिटांनी परत म्युलसानचं तोंड. दिवसभर, रात्रभर, ३०४ वेळा.

ड्रम ब्रेकची अडचण इथे सुरू होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं पातेलं. त्याच्या आत दोन शू असतात, ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्यांच्यावरचं अस्तर, म्हणजे लायनर, पातेल्याच्या आतल्या भिंतीवर घासतं. उष्णता आतच तयार होते आणि पातेल्याची जाडी ओलांडून बाहेर यावी लागते. पातेलं तापलं की फुगतं, म्हणजे शूपासून लांब जातं. तेवढं जास्तीचं अंतर ड्रायव्हरच्या पायाला भरून काढावं लागतं, पेडल खाली जातं. वर लायनरच जास्त तापलं की त्याची पकड कमी होते. यात भर ड्रमच्या एका गुणाची. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. एरवी हा फायदाच. पण लायनरची पकड थोडी उतरली की ही ओढही उतरते, आणि ब्रेक थोडा न उतरता भसकन उतरतो. चार चाकांत हे सारख्या प्रमाणात होत नाही, मग गाडी एका अंगाला ओढायला लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी आमच्याकडे चारही चाकांना ड्रम असलेली जुनी गाडी होती. मे महिन्यात, गाडीत सहा माणसं आणि टपावर सामान, असे आम्ही खंबाटकी घाट उतरत होतो. पुढे उसाचा ट्रक होता, त्यामुळे बाबांचा पाय ब्रेकवरून निघतच नव्हता. अर्ध्या घाटात जळका वास आला. आईने विचारलं, "काय जळतंय?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेडल दोनदा-तीनदा हापसलं, गाडी दुसऱ्या गिअरला घेतली आणि पायथ्याला टपरीजवळ कशीबशी कडेला लावली. पुढच्या चाकातून निळसर धूर येत होता. बाबांनी पाण्याचा कॅन उचलला, तर शेजारच्या टपरीतला पंक्चरवाला धावत आला. "साहेब, पाणी मारू नका, ड्रम तडकंल. निवू द्या." तासभर आम्ही निवू दिलं. मग ब्रेक पुन्हा नीट लागले, जणू काही झालंच नव्हतं. त्या एका तासात बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. ब्रेक गेले नव्हते. पण पुढच्या वळणाला ते कुठे लागतील हे त्यांना आता सांगता येत नव्हतं.

ल माँचा ड्रायव्हर निवू देत नाही. म्हणून ड्रमवाला शहाणा ड्रायव्हर सुरुवातीपासूनच ब्रेक राखून चालवतो. वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलतो, हळू दाबतो, इंजिनाने आवरतो, कारण रविवारी सकाळीही त्याला ब्रेक हवे असतात.

पन्नास वर्षं आधीची कल्पना

डिस्क ब्रेक ही १९५० च्या दशकातली कल्पना नाही. बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे जबडे, तत्त्व हेच. जबड्यांना लावायला त्यांच्याकडे तांबं होतं. धातूवर धातू घासून कर्कश आवाज यायचा, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. शिवाय तेव्हाच्या गाड्यांचे वेग असे होते की ड्रमने भागत होतं. कल्पना बाजूला पडली.

ती परत वर आली विमानांमुळे. विमानं जड झाली, उतरण्याचे वेग वाढले, आणि चाकाच्या आत ड्रमला जागा पुरेना. डनलॉपने विमानांसाठी डिस्क ब्रेक तयार केले. अमेरिकेतही १९४९ मध्ये क्रॉस्ली या छोट्या गाडीला विमानी घराण्याचे डिस्क ब्रेक बसवले होते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते गंजून अडकायला लागले आणि वर्षभरातच कंपनी ड्रमकडे परतली. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. कल्पना बरोबर होती, पण धावपट्टीवरची वस्तू जशीच्या तशी रस्त्यावर आणली की रस्ता तिची परीक्षा घेतो.

विमान आणि शर्यतीची गाडी यांत एक मूलभूत फरक आहे. विमान एकदा उतरतं, एकदा जोरात थांबतं, मग पुढच्या उड्डाणापर्यंत ब्रेकला विश्रांती. गाडीचा ब्रेक निवायच्या आत पुन्हा तापतो. जग्वारचे मुख्य अभियंता विल्यम हेन्स यांनी डनलॉपबरोबर हे काम हाती घेतलं तेव्हा खरा प्रश्न हाच होता.

नॉर्मन ड्यूइसचं काम

१९५२ च्या सुरुवातीला नॉर्मन ड्यूइस हे चाचणी-चालक जग्वारमध्ये आले, आणि डिस्क ब्रेकचं काम त्यांच्याकडे आलं. जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर ते दिवसेंदिवस गाडी पळवायचे आणि थांबवायचे. वेग गाठ, थांबव, वेग गाठ, थांबव. शर्यतीत घडू शकेल ते आधी इथे घडवायचं.

घडलं ते असं. डिस्क उघड्यावर असते, वारा थेट लागतो, तापली तरी तिची जाडी तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडच्या दिशेने वाढते, लांब जात नाही. त्यामुळे ड्रमचा पेडल खाली जाण्याचा रोग तिला नाही. पण पॅड लहान. तेवढ्याशा जागेत प्रचंड उष्णता, आणि ती पॅडमधून मागे पिस्टनला, पिस्टनमधून ब्रेक ऑइलला. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय दाबतो, पेडल सरळ खाली जातं, आणि चाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. गॅरेजमध्ये ब्रेकमधली हवा काढताना पेडल स्पंजसारखं लागतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तसंच पेडल ताशी दोनशेला पायाखाली आहे अशी कल्पना करावी. यावर उपाय म्हणजे जास्त तापमानाला उकळणारं ऑइल, उष्णता कमी पोचवणारी रचना आणि जास्त उष्णता सोसणारं पॅडचं मटेरियल. एकेक करत, पुन्हा पुन्हा तपासत ते शोधावं लागलं.

दुसरा रोग याहून फसवा होता. चाकाच्या बेअरिंगमध्ये थोडा खेळ असतो, आणि जोरात वळताना चाकाच्या मधला हबही किंचित वाकतो. डिस्क एका बाजूला डोलते आणि पॅडला मागे ढकलते. सरळ रस्त्यावर आल्यावर डिस्क जागेवर येते, पॅड मात्र मागेच राहतात. आता ब्रेक दाबला तर पहिली दाब त्यांना परत पुढे आणण्यातच संपते. ऑइल ठीक, पॅड ठीक, कुठेही गळती नाही, आणि तरी पहिल्या दाबाला काहीच लागत नाही. म्हणून ड्रायव्हरांनी सवय लावून घेतली. वळण यायच्या आधी सरळ पट्ट्यावरच पेडलला हलकीशी दाब द्यायची, पॅड जागेवर आहेत याची खात्री करायची, आणि मग खरा ब्रेक मारायचा. आमच्या बाबांनी घाटात केलं ते आणि हे, पायाची हालचाल एकच. फरक एवढाच की यांना तिचं कारण ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट पायाच्या जोराची. ड्रमला स्वतःची ओढ असते हे वर आलं. डिस्कला ती नाही. ड्रायव्हरने जेवढं दाबलं तेवढंच लागतं. हाच डिस्कचा सर्वांत प्रामाणिक गुण आहे, कारण पकड थोडी कमी झाली तर ब्रेकही थोडाच कमी होतो, कोसळत नाही. पण त्याची किंमत म्हणजे दाब जास्त हवा. १९५३ च्या गाड्यांना जग्वारने गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या पंपाची हायड्रॉलिक मदत दिली, म्हणून चोवीस तास ते पेडल दाबणं माणसाच्या पायाला शक्य झालं.

एक वर्ष फुकट जातं

डिस्क लावलेली सी-टाइप एप्रिल १९५२ मध्ये गुडवुडला शर्यतीत उतरली. मे महिन्यात इटलीतल्या मिले मिलियाला स्टर्लिंग मॉसने ती चालवली, शेजारी स्वतः ड्यूइस बसले होते. हजार मैलांच्या उघड्या रस्त्यांवर, जिथे आपला ब्रेक प्रथमच खऱ्या अर्थाने तपासला जाणार, तिथे त्याच्या कर्त्याने शेजारच्या सीटवर बसावं, याला मी फार मान देतो. ती शर्यत पुरी झाली नाही. २९ जूनला फ्रान्समधल्या रँसला मात्र मॉस जिंकला. डिस्क ब्रेकच्या गाडीने मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत जिंकल्याची ही पहिली वेळ.

त्या दोन शर्यतींच्या मध्ये ल माँ येऊन गेलं होतं, आणि तिथे जग्वारची दैना झाली. मिले मिलियात मर्सिडीझचा वेग पाहून मॉसने कंपनीला कळवलं की सरळ पट्ट्यावर यांना गाठायचं तर आपला वेग वाढवावा लागेल. घाईघाईने गाडीचं नाक लांब आणि निमुळतं केलं गेलं, आणि त्यासोबत थंडाव्याची व्यवस्थाही बदलली गेली. पाणी उकळून तिन्ही गाड्या काही तासांतच बाद झाल्या. सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या मागे लागून घेतलेला निर्णय अंगाशी आला. १९५३ साठी जग्वारने शरीर पुन्हा जुन्या वळणाचं केलं, पत्रा पातळ केला, विमानातल्यासारखी रबरी पेट्रोल टाकी बसवली, तीन वेबर कार्ब्युरेटर दिले, आणि कारखान्याच्या तिन्ही गाड्यांना चारी चाकांवर डिस्क.

शर्यत

सुरुवातीला मॉस पुढे होता. त्याचं इंजिन अडखळायला लागलं, पेट्रोलचा फिल्टर तुंबला होता. थांबे घ्यावे लागले आणि तो खूप मागे गेला. मग आघाडी रोल्ट-हॅमिल्टनकडे आली आणि आस्कारी-विलोरेसीशी त्यांची झुंज लागली. रात्रभर दोन्ही संघ एकमेकांना ताणत राहिले. पट्ट्यावर फेरारीचा जोर जास्त, आणि म्युलसानच्या तोंडाशी जग्वार तिच्यापेक्षा कितीतरी पुढे जाऊन ब्रेक मारणार. फेरारीला गाठून राहायचं तर इंजिन, क्लच, ब्रेक सगळंच पिळायला लागत होतं. शेवटी तिचा क्लच गेला. डिस्क ब्रेकने फेरारीचा क्लच मोडला असं मी म्हणणार नाही, पण प्रतिस्पर्ध्याला चोवीस तास श्वास घ्यायला उसंत न देणं हेही ब्रेकचंच काम.

हॅमिल्टनची नंतरची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. आदल्या दिवशी गाडी बाद झाल्याचं समजून दोघे रात्रभर पीत बसले आणि तशाच अवस्थेत शर्यतीला उभे राहिले, अशी. संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी ती साफ नाकारली होती. मला इंग्लंड यांचं म्हणणं पटतं. ज्या ब्रेकला वळणाआधी आठवणीने हलकी दाब द्यावी लागते, तो ब्रेक धुंद माणूस ३०४ वेळा बरोबर लावू शकत नाही.

मॉस आणि पीटर वॉकर मागून चढत चढत ३०० फेऱ्या करून दुसरे आले. तिसरी कनिंगहॅम, थोरल्या ड्रमवर, २९९ फेऱ्या. चौथी पुन्हा जग्वार. डिस्क लावलेल्या तिन्ही गाड्या पहिल्या चारांत होत्या.

आता मघाच्या हिशोबाची दुसरी बाजू. दोन गाड्या घेऊ, दोघींचा वेग २४० आणि म्युलसानला ५० वर यायचं. एकीचा ड्रायव्हर ब्रेकवर भरवसा ठेवून गुरुत्वाच्या ०.८ पट जोराने थांबवतो, दुसरीचा ब्रेक राखून ०.६ पटीने. आकडे माझे आहेत, अंदाजाचे. पहिलीला ५० वर यायला साधारण २७० मीटर लागतात, दुसरीला ३६०. म्हणजे दुसरीने पाय उचलल्यावरही पहिली ९० मीटर पूर्ण वेगात पळते. या एका वळणावर पहिलीला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त, जवळपास ०.९ सेकंदाचा फायदा होतो. गुणिले ३०४. साडेचार मिनिटं. म्हणजे जवळजवळ एक आख्खी फेरी, एका वळणावर. कनिंगहॅम पाच फेऱ्या मागे कशी राहिली, हे मला इथे पहिल्यांदा उमगलं. एका वळणावरचा ०.९ सेकंद स्टँडमधून डोळ्यांना दिसतही नाही.

सगळं श्रेय ब्रेकला देणंही बरोबर नाही. गाडी हलकी होती, इंजिनाचा जोर आदल्यापेक्षा वाढला होता. बेल्जियमच्या एका संघाची साधी, ड्रम ब्रेकची सी-टाइप त्याच शर्यतीत होती. ती नववी आली, सुमारे तीस फेऱ्या मागे. ड्रम आणि डिस्क एकाच घरच्या गाड्यांत शेजारी ठेवून पाहण्याची ही एकमेव संधी, पण त्या गाडीचं वजन आणि कार्ब्युरेटरही वेगळे होते, म्हणून तीसच्या तीस फेऱ्या ब्रेकच्या खात्यावर टाकता येत नाहीत. आणि पुढच्याच वर्षी, १९५४ ला, भर पावसात ४.९ लिटरच्या ड्रमवाल्या फेरारीने जग्वारच्या नव्या डी-टाइपला थोडक्यात हरवलं. त्याच शर्यतीत मॉसची डी-टाइप बाद झाली, ती चक्क ब्रेक गेल्यामुळे.

बाकीच्यांनी काय केलं

मर्सिडीझने ड्रम सोडले नाहीत. १९५५ च्या ल माँसाठी त्यांच्या ३०० एसएलआर गाडीच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पाठीशी, एक मोठी झडप बसवली. म्युलसानच्या शेवटी ड्रायव्हर दांडा ओढायचा आणि ती झडप उभी राहून वारा अडवायची. विमानातला तोच विचार, पण वाट वेगळी. मोठ्या वेगात तिचा उपयोग नक्की होत होता, ड्रमवरचा भार हलका व्हायचा. पण वेग कमी होत जातो तशी वाऱ्याची पकडही झपाट्याने घटते, वळणाच्या ऐन तोंडाशी काम पुन्हा ड्रमलाच.

त्याच शर्यतीत ११ जूनला स्टँडसमोर भीषण अपघात झाला. माइक हॉथॉर्नची डिस्कवाली जग्वार थांब्यासाठी वेग कमी करत होती, तिच्या मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली, आणि पिएर लवेगची मर्सिडीझ तिच्यावर आदळून प्रेक्षकांत घुसली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. कारणं अनेक होती. त्या अरुंद रस्त्यावर थांब्यांची वेगळी वाट नव्हती, हे त्यातलं मोठं. पण एकाच रस्त्यावर एकमेकांपासून इतक्या वेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या धावत होत्या, याचीही तेव्हा खूप चर्चा झाली, आणि ती योग्य होती असं मला वाटतं. मागच्या माणसाचा अंदाज पुढच्याच्या ब्रेकवर चालतो. महामार्गावर आजही तसंच आहे.

फेरारीनेही उशीर केला. त्यांचा ड्रायव्हर पीटर कॉलिन्स याने आपल्या रोजच्या वापरातल्या फेरारीला डनलॉपच्या डिस्क लावून घेतल्या होत्या. ऑगस्ट १९५८ मध्ये जर्मन ग्रां प्रीत कॉलिन्स गेला. त्यानंतर आता फेरारीकडे असलेल्या हॉथॉर्नने आग्रह धरला, आणि सप्टेंबरमध्ये मोंझाला त्याच्या शर्यतीच्या फेरारीवर डिस्क आल्या. ल माँच्या त्या रविवारनंतर पाच वर्षांनी.

रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र वेग वेगळा होता. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये सित्रोएनच्या डीएसने पुढच्या चाकांना डिस्क दिल्या आणि मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत त्या कायमच्या आल्या. १९५७ मध्ये जग्वारच्या एक्सके १५० ला चारही चाकांवर डनलॉपच्या डिस्क मिळाल्या. ड्यूइसने धावपट्टीवर उकळवलेलं ऑइल आता डॉक्टर-वकिलांच्या गाडीत होतं, आणि ते उकळत नव्हतं.

टोनी रोल्टचं बाकीचं आयुष्य या प्रकरणाशी जोडून कुणी फारसं सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता. तिथल्या माळ्यावर कैद्यांनी पळून जाण्यासाठी लपून ग्लायडर बांधलं, त्या बेतात तो होता. शर्यती सोडल्यावर तो हॅरी फर्ग्युसन यांच्या संस्थेत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांवर काम करू लागला. तिथून फर्ग्युसन पी-९९ ही शर्यतीची गाडी निघाली, आणि १९६१ मध्ये ओल्टन पार्कला ओल्या रस्त्यावर ती जिंकली. चालवणारा स्टर्लिंग मॉस. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली, त्यात फर्ग्युसनची चार चाकांची ओढ होती आणि जोडीला डनलॉपचं मॅक्सारेट. विमान ओल्या धावपट्टीवर घसरू नये म्हणून बनवलेलं हे यंत्र चाक जाम होऊ लागलं की ब्रेक क्षणभर सोडायचं आणि पुन्हा धरायचं. म्हणजे ड्रायव्हर पायाने हापसून जे करायचा ते आता यंत्र करत होतं, सेकंदातून काही वेळा. पाच वर्षांत अशा ३२० गाड्या तयार झाल्या.